ट्रॉल्यांचा चिकटा, सिंकखालचा गंज आणि घटस्थापना आठ दिवसांवर

उलथनं | शनिवार, रात्री १०:१२

घटस्थापना आठ दिवसांवर आलीये आणि स्वयंपाकघराकडे बघवत नाहीये, म्हणून हा धागा.

घर ठाण्यात, किचन करून अकरा वर्षं झाली. ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, वर भिंतीवरची कपाटं आणि त्यांच्याही वर लॉफ्ट. शटर्सना बाहेरून मोतिया रंगाचा चकचकीत सनमायका, आतून पांढरा. "ताई, प्लाय एक नंबर वापरलाय" एवढंच सुताराने सांगितलं होतं आणि मीही तेवढंच विचारलं होतं.

तर दुखणी अशी. शेगडीच्या वरच्या दोन शटर्सवर असला चिकटा बसलाय की बोट फिरवलं तर मध्येच अडकतं. शटर उघडताना जिथे हात लागतो त्या खालच्या कडेला तर डिंकासारखे तपकिरी मणी जमलेत. भांड्याच्या साबणाने पुसलं की ओलं असेपर्यंत छान दिसतं, वाळलं की पुन्हा तेच.

दुसरं सिंकखालचं कपाट. त्याच्या बिजागऱ्या गंजून लाल झाल्यात, एक तर कुरकुरायला लागली आहे. बाकी सगळ्या बिजागऱ्या त्याच सुताराने त्याच खोक्यातून काढून बसवलेल्या आणि त्या ठणठणीत! प्लंबर दोनदा येऊन गेला, गळती नाही म्हणतो. मी रात्री खाली वर्तमानपत्र अंथरून सकाळी बघितलं, कोरडं खडखडीत.

तिसरं झुरळं. उडणारी मोठी नव्हेत, ती बारकी तपकिरी. रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की सभा उधळते.

मागच्या वर्षी घर साफ करून देणाऱ्या मंडळींना बोलावलं होतं. त्यांनी वाफेचं यंत्र फिरवलं, पैसे घेतले, आणि महिन्याभरात दोन शटर्सच्या कडेची पट्टी सुटली. यंदा म्हणून व्हिडिओ बघून स्वतःच खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फवारलं. फेस काय आला! चिकटा मात्र होता तिथेच.

सासूबाई म्हणतात, आम्ही मांडणी उचलून अंगणात नेऊन धुवायचो. ट्रॉली उचलता येत नाही, आणि चौदाव्या मजल्याला अंगण नाही. काय करू?


कडीपत्ता | शनिवार, रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच देखावा आहे, फक्त आम्ही वर बघत नाही.


खमंग | शनिवार, रात्री १०:५०

माझी पद्धत लिहिते. खोबरेल तेलाचे चार थेंब जुन्या बनियनच्या तुकड्यावर घ्यायचे आणि त्या मण्यांवर चोळायचे. तेलाने तेल जातं यावर आधी माझाही विश्वास नव्हता. दहा मिनिटांनी ते मऊ होऊन गोळा व्हायला लागतं. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडायचं. सुरी नको, हिरवी घासणी तर अजिबात नको. शेवटी साबणाच्या फडक्याने तेल काढून टाकायचं. हे फक्त घट्ट झालेल्या मण्यांपुरतं. सगळ्या शटरला तेल लावत बसलात तर नवरात्र संपेल.


रसायनी | रविवार, सकाळी ७:०५

उलथनंताई, सोडा आणि व्हिनेगर यांचं लग्न लावलंत तिथेच गाडी चुकली. एक आम्लारी, एक आम्ल. भेटले की एकमेकांना मारून मोकळे होतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो हवेत गेला. मागे उरलं सोडियम ॲसिटेट आणि पाणी, म्हणजे जवळपास खारट पाणीच. नळाच्या तोंडावरचे क्षाराचे पांढरे डाग काढायला एकटं व्हिनेगर चांगलं. तेलकटपणावर त्याचा काही उपयोग नाही. अडतीस वर्षं शाळेत हे शिकवलं, आता घरात ऐकवतो.

हा चिकटा म्हणजे नुसतं तेल नव्हे, हे आधी समजून घ्या. नुसतं तेल असतं तर साबणाने गेलं असतं. फोडणीतून तेलाचे बारीक तुषार उडतात, शटरवर पातळ थर बसतो, त्याला उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्याचं वार्निश होतं. रंगकामात जवसाचं तेल याच गुणासाठी वापरतात. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं अशी लवकर आळतात, शेंगदाणा त्या मानाने सावकाश, खोबरेल तर जवळपास नाहीच. आपल्याकडे करडईचं तेल तब्येतीला चांगलं म्हणून वापरतात. शटरच्या तब्येतीचं कोणी विचारत नाही.

यावर उपाय धुण्याचा सोडा. किराणा दुकानात सुटा मिळतो. खायचा सोडा वेगळा, तो फार सौम्य आहे. १ लिटर कोमट पाण्यात १ सपाट मोठा चमचा आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. हातमोजे घाला. फडकं बुडवून घट्ट पिळा, शटरवर घडी करून पाच मिनिटं चिकटवून ठेवा. चोळण्याचं काम सोड्याला करू द्या. मग पुसून घ्या, साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा, शेवटी कोरड्याने. सोडा राहिला तर पांढुरके ओघळ दिसतात.

आधी शटरच्या आतल्या कोपऱ्यात करून बघा. ॲल्युमिनियमच्या मुठी किंवा कडेच्या पट्ट्या असतील तर त्यांना हे पाणी लावू नका, काळवंडतात. पॉलिश केलेल्या लाकडालाही नको.


निवांत | रविवार, सकाळी ९:२०

खमंग यांच्या खोबरेल तेलाला एक तळटीप. मी नाशिकचा. ट्रॉलीचे चॅनल (ज्या पट्ट्यांवर ती सरकते ते) खरखर करायला लागले म्हणून मी दिवाळीत त्यात हेच तेल सोडलं. जानेवारीत पारा उतरला आणि सकाळी सकाळी चहा-साखरेची ट्रॉली उघडेना! खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं हे बाटलीत रोज बघतो, पण चॅनलमध्ये गेल्यावर विसरलो. बायकोने हेअर ड्रायर लावून साखर बाहेर काढली. ते बोलणं इथे लिहीत नाही.


कडीपत्ता | रविवार, सकाळी ९:३४

निवांत =))
पुढच्या वेळी ट्रॉली उन्हात ठेवा, तेलाच्या बाटलीसारखी.


रंधा | रविवार, दुपारी २:४०

पुण्यात फर्निचरचं काम करतो, बावीस वर्षं झाली. रविवार म्हणून सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं कपाट घाणीने खराब होतं. मी आजवर जेवढी कपाटं मोडून भंगारात टाकली त्यातली निम्म्याहून जास्त पाण्याने गेलेली होती, आणि ते पाणीही साफसफाईचंच. सनमायका मुळात कागद आहे. क्राफ्ट पेपरचे थर फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवून, वर नक्षीचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून, गरम दाबाखाली एकत्र केलेला १ मिलिमीटरचा पत्रा. त्याच्या तोंडावर पाणी पडलं तर काही होत नाही. पाणी शिरतं कडेने. कडेला असते पट्टी, आणि ती यंत्रावर गरम गोंदाने चिकटवलेली असेल तर वाफ दिली की तो गोंद पुन्हा मऊ पडतो. ताई, तुमच्या पट्ट्या म्हणूनच सुटल्या. वरच्या कपाटाच्या बरोबर खाली कुकर ठेवून शिट्ट्या देणारेही हेच काम करतात, फक्त हप्त्याहप्त्याने.

सुटलेली पट्टी लगेच बसवा, आतला माल ओला होण्याआधी. जुना गोंद खरवडून काढा. सुताराचा रबरी सोल्युशन गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा (दहा मिनिटं धरा), मग दाबा आणि रात्रभर चिकटपट्टी मारून ठेवा. इस्त्री लावू नका, पीव्हीसीची पट्टी वेडीवाकडी होते.

पट्टी सुटली आहेच तर आत डोकावून घ्या. थरावर थर दिसले तर प्लाय. भुशाची बिस्किटं दाबून केल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. तो एकदा फुगला की परत बसत नाही, कितीही वाळवा. प्लायमध्येही जाती आहेत. पाण्याच्या जागेला आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय लागतो, त्याच्या गोंदाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात घेतात. आयएस ३०३ मध्ये साधा आणि पाणी बऱ्यापैकी सोसणारा असे दोन्ही येतात, त्यामुळे नुसतं "एक नंबर" याला काही अर्थ नाही. शिक्का प्लायच्या पाठीवर असतो. सनमायका चढायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा, नंतर तो दिसायचा नाही.

आता ट्रॉली. उचलता येत नाही कोण म्हणतं? बास्केट रिकामी करा, पूर्ण बाहेर ओढा. टेलिस्कोपिक चॅनल असेल तर दोन्ही बाजूंना एकेक काळी प्लास्टिकची जीभ दिसेल. एका बाजूची वर दाबा, दुसऱ्या बाजूची खाली, दोन्ही एकदम, आणि ओढा. अख्खी ट्रॉली हातात येते. जुन्या साध्या चाकांच्या चॅनलला जीभ नसते. पुढून जरा उचलून ओढलं की सुटते. स्टीलच्या बास्केट न्हाणीघरात नेऊन खुशाल धुवा, पण पुढचं शटर भिजवू नका. आणि बसवण्याआधी तारेच्या जोडातलं पाणी आपटून काढा, गंज तिथूनच सुरू होतो. चॅनलमध्ये केस आणि रवा अडकून काळं लोणी झालेलं असतं, ते कोरड्या फडक्याने काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. ट्रॉली हळूच बंद करणाऱ्या सॉफ्ट क्लोजच्या डँपरला तेल द्यायचं नाही.


उलथनं | रविवार, दुपारी ३:५५

रंधादादा, साष्टांग नमस्कार. दोन जिभा सापडल्या! अकरा वर्षं त्या तिथे होत्या आणि मी त्यांना कचरा समजत होते. थाळ्यांची बास्केट बाहेर आली. मागच्या जागेत तीन चमचे, मुलीच्या लहानपणीची एक बाहुली आणि कसलं तरी वाळलेलं भजं.

सनमायक्यावर सोड्याचं पाणी लावलंय, घडी चिकटवून. कळवते.


सोलकढी | रविवार, संध्याकाळी ६:१८

आमचं सावंतवाडीचं घर जुनं. आजीचं दुधाचं जाळीचं कपाट फणसाच्या लाकडाचं, अजून वापरात आहे. चारही पायांखाली पितळी वाट्या आणि त्यात पाणी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. लहानपणी त्या वाट्यांत पाणी भरायचं काम माझं होतं. एका पावसाळ्यात विसरले. मुंग्यांनी साय खाल्ली आणि मला मिळाली नाही, याची आठवण आजीने माझ्या लग्नापर्यंत ठेवली.

लाकडाच्या कपाटांना सोड्याचं पाणी नकोच, हे रसायनी यांनी लिहिलंय ते बरोबर. आम्ही कोरड्या फडक्याने पुसतो, वर्षाआड जवसाचं उकळवलेलं तेल (रंगाच्या दुकानात मिळतं) अगदी पातळ लावतो आणि अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घेतो. खोबरेल कधीच वाळत नाही, धूळ धरतं. एक महत्त्वाचं: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा. वाळवीसाठी कपाटाच्या पायांना आणि पाठीला काजूच्या टरफलांचं तेल लावायची आमच्याकडे जुनी रीत आहे, होड्यांनाही लावतात. पण ते कातडी सोलून काढतं, त्यामुळे हौसेने लावायचा प्रकार नव्हे.


अटलांटिकपार | रविवार, रात्री ८:०२

इथे न्यू जर्सीत सगळी कपाटं मेपलची, वर लॅकर. आम्ही आलो त्या अपार्टमेंटमध्ये शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आणि त्यालाच पंखा. पंखा चालू केला की समाधान वाटायचं. सहा महिन्यांनी कळलं की तो पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून माझ्याच तोंडावर परत सोडतो. आपल्या फोडण्या आणि हा पंखा, म्हणजे शटर्सना रोजचं अभ्यंगस्नान.

लॅकरवर मी एकदा धुण्याचा सोडा लावून बसले, त्या पट्ट्यातली चकाकी कायमची गेली. आता नुसत्या सौम्य साबणाचं पिळलेलं फडकं, आणि तेही रोज. मुठीजवळचा भाग आधी बघा. हाताच्या तेलाने तिथला लॅकर मऊ पडतो, नख लावलं की निघतो. तो मळ समजून घासू नका, मी घासला.


टिवटिव | सोमवार, सकाळी ११:१५

माझा प्रश्न याच धाग्यात घुसवते. पांढऱ्या ॲक्रिलिक शटरवर हळदीचा हात लागला. सोड्याने पुसायला गेले तर डाग लालभडक! घाबरून सोडून दिलं.


रसायनी | सोमवार, दुपारी १२:४०

घाबरू नका, तुम्ही कुंकू केलंत. पारंपरिक कुंकू हळदीचंच असतं, हळदीला चुन्यासारखं आम्लारी मिळालं की ती लाल होते. लिंबाचं फडकं फिरवा, डाग परत पिवळा होईल. मग तो घालवायला ऊन. हळदीतलं कर्क्युमिन उजेडाला टिकत नाही, मुलांच्या शर्टावरची हळद दोरीवर वाळताना फिकी होते ती त्यामुळेच. शटर काढता येत असेल तर दुपारभर उन्हात धरा, नाहीतर औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा वर ठेवून बघा.

ॲक्रिलिकवर सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर काहीही नको. बारीक तडे जातात, ते कशानेही निघत नाहीत. तो पांढरा "जादूचा" स्पंजही नको, तो म्हणजे अतिशय बारीक सँडपेपर. चकाकी पहिल्या फेरीतच उतरते.

आता मूळ धाग्याकडे. उलथनंताई, बिजागऱ्यांच्या गंजाने माझी झोप उडवली आहे. पाणी गळत नाही, एकाच खोक्यातल्या बाकीच्या बिजागऱ्या चांगल्या. म्हणजे त्या कपाटात असं काहीतरी आहे जे दुसऱ्या कपाटात नाही. सिंकखाली काय काय ठेवता ते एकेक वस्तू लिहाल?


उलथनं | सोमवार, रात्री ९:०५

लिहिते. कचऱ्याचा डबा. भांड्याच्या लिक्विडचा पाच लिटरचा कॅन. फिनेल. कांदे-बटाटे (हो, माहितीये, जागा नाही). जुनी फडकी. मुंग्यांची पावडर. संडासाच्या फरशीचं ॲसिड, प्लास्टिकच्या बाटलीत. आणि कपड्यांचं ब्लीच.


रसायनी | सोमवार, रात्री ९:११

सापडला चोर.

फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. झाकण लावलं तरी त्याची वाफ थोडी थोडी बाहेर येत राहते. बंद कपाट, वर सिंकचा दमटपणा. ती वाफ बिजागरीवरच्या पातळ निकेलच्या मुलाम्यातून आत शिरून खालचं लोखंड खाते. प्लंबर गळती शोधत होता ती पाण्याची. बाटलीचं झाकण बघा, आणि आत्ताच ती बाटली तिथून हलवा. ब्लीच तिच्या शेजारी तर मुळीच नको. दोन्ही सांडून एकत्र आली तर क्लोरिन वायू होतो. कांदे-बटाट्यांबद्दल मी काही बोलत नाही.


उलथनं | सोमवार, रात्री ९:४०

झाकणाच्या आट्याच विरघळल्यासारख्या झाल्यात! नुसतं वर ठेवलेलं आहे ते. बाटलीच्या बरोबर वरची बिजागरी सगळ्यात जास्त सडलीये, दूरची कमी. आणि सिंकखालच्या स्टीलच्या नॅपकिन रॉडवर तपकिरी ठिपके आहेत, ते मी चहाचे समजत होते.

घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. नवरा म्हणाला, "मी म्हटलं होतं." त्याने काहीही म्हटलं नव्हतं.


कडीपत्ता | सोमवार, रात्री ९:४८

धाग्याचं नाव बदला, "सिंकखालचा खुनी".


रंधा | मंगळवार, सकाळी ७:३०

रसायनी सर, मानलं. मी बावीस वर्षांत अशा पन्नास बिजागऱ्या बदलल्या असतील, दर वेळी "दमट हवा आहे मॅडम" म्हणून मोकळा झालो.

ताई, बिजागरी बदलायला सुताराची गरज नाही. तुमची ३५ मिलिमीटरच्या वाटीची (शटरमध्ये बसतो तो गोल भाग) असणार, तीच बहुतेक ठिकाणी चालते. फक्त जुनी सोबत घेऊन दुकानात जा, कारण दांडीचा बाक तीन प्रकारचा असतो. वाटीचं छिद्र काढताना सनमायका कापलेला असतो आणि आतला प्लाय उघडा. जुनी काढलीत की त्या उघड्या प्लायला वार्निशचा हात मारा, सिंकच्या पाइपासाठी पाठीला पाडलेल्या भोकांच्या कडांनाही. सुतार हे करत नाहीत. मीही आधी करत नव्हतो.

स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर काडेपेटीतली काडी फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, वरचा भाग मोडा, मग स्क्रू पिळा. शटर बसवल्यावर वाकडं दिसलं तर पुढच्या स्क्रूने डावी-उजवीकडे जातं, मागचा सैल केला की आत-बाहेर, आणि प्लेटचे दोन सैल केले की वर-खाली. पाव फेरी फिरवायची आणि बघायचं.

बास्केट घेताना लोक लोहचुंबक लावून बघतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ चं, सहजी न गंजणारं स्टील, असं समजतात. २०२ लाही सहसा चिकटत नाही, आणि स्वस्तातल्या बास्केट त्याच्याच असतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या.


पोटमाळा | मंगळवार, दुपारी १:१०

झुरळांवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

ती बारकी म्हणजे जर्मन झुरळं. मादी अंड्यांची पिशवी पाठीमागे घेऊनच फिरते, एका पिशवीत ३०-४० पिल्लं. स्प्रे मारला की दिसतात तेवढी मरतात, बाकीची दुसऱ्या ट्रॉलीत राहायला जातात. यांना झुरळांचं विषारी जेल चांगलं. तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरीच्या वाटीजवळ, चॅनलच्या मागच्या टोकाला, फ्रिजच्या मोटरपाशी. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, कारण तोवर पुढची पिढी बाहेर येते. जेल लावल्यावर त्यावर स्प्रे मारू नका किंवा फिनेलने पुसू नका, मग ती खायला येतच नाहीत. आमच्या आईच्या कणिक, साखर आणि बोरिक पावडरच्या दुधात मळलेल्या गोळ्याही काम करतात, फक्त वेळ घेतात. लहान मुलं, मांजर असेल तर दोन्ही नीट आडोशाला.

आणि ट्रॉल्यांच्या तळाशी जमिनीलगत पट्टी असते ना, ती खिळ्यांनी ठोकलेली नसते. मॉड्युलर किचन असेल तर मागे पायांना क्लिपा असतात, दोन्ही हातांनी धरून पुढे खेचली की निघते. आत साधारण १० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा असते. काढण्याआधी मन घट्ट करा.


उलथनं | मंगळवार, रात्री ११:२०

काढली. मन घट्ट नव्हतं केलं.


खमंग | बुधवार, सकाळी ८:१५

:D

कप्प्यांत काय अंथरता सगळे? मी वर्षानुवर्षं वर्तमानपत्र घालत होते. ते तेल शोषतं खरं, पण कसर आणि झुरळांना मऊ गादी होते. मग प्लास्टिकच्या नक्षीदार मॅट आणल्या. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांच्याखाली पाणी सुटून पांढरी बुरशी आली. आता काहीच घालत नाही. तेलाच्या बरणीखाली फक्त एक स्टीलची ताटली, आठवड्याला घासायला टाकते.


सोलकढी | बुधवार, सकाळी ८:५०

खमंग, अगदी अगदी. वर्तमानपत्रावरून आठवलं, आई दसऱ्याला मांडणीच्या फळ्यांवर नवे कागद घालायची आणि पुढे लोंबणाऱ्या कडेला कात्रीने नक्षी कापायची, झालरीसारखी. घडी घालून एकदाच कापायचं आणि उलगडलं की अख्खी रांग. पितळी डबे चिंचेने घासून त्यावर मांडले की स्वयंपाकघर देवघरासारखं दिसायचं. दिवाळी संपेपर्यंत त्या झालरीला तेलाचे पारदर्शक डाग पडलेले असायचे आणि त्यातून मागच्या पानाची बातमी वाचता यायची.

पावसाळ्यात आम्ही दिवसातून तासभर सगळी शटर्स सताड उघडी ठेवून पंखा लावतो. डांबराच्या गोळ्या स्वयंपाकघरात नाहीत, वास पिठाला लागतो आणि त्या विषारी. कडुलिंबाचा वाळलेला पाला कडधान्यापुरता ठीक, दमटपणाला त्याचा काही उपयोग नाही.


निवांत | बुधवार, सकाळी १०:०५

कडप्प्याचे कप्पे आणि समोर पडदा, याला आजही तोड नाही. फुगत नाही, गंजत नाही, बादली ओता नि धुवा. आमच्या जुन्या वाड्यातला चाळीस वर्षांचा कडप्पा अजून काळाभोर आहे. ट्रॉल्या म्हणजे बिल्डरांनी लावलेली सवय.


अटलांटिकपार | बुधवार, दुपारी ४:३०

आणि त्या पडद्यामागे दोन फूट आत, अंधारात, गुडघ्यावर बसून मागचा डबा कोण काढायचं हो? बिल्डर काढायचे का?


निवांत | बुधवार, दुपारी ४:४१

बायको. मान्य. शब्द मागे.


उलथनं | शुक्रवार, रात्री १०:५५

अहवाल.

चिकटा गेला. सोड्याची घडी शेगडीवरच्या शटर्सना तीनदा लावावी लागली, मण्यांना खमंग यांचं खोबरेल. फडक्यावर काय उतरलं म्हणाल तर काकवी. मूळ रंग मोतिया नाहीच निघाला, जवळजवळ पांढरा आहे! बाकीची शटर्स आता पिवळी दिसायला लागली, त्यामुळे तीही पुसावी लागली. ही शिक्षा कोणी आधी सांगितली नव्हती.

एका शटरच्या खालच्या कडेला पट्टी सुटली होती तिथे सोड्याचं पाणी आत गेलं आणि प्लायचा वरचा थर किंचित उचलला गेलाय. रंधादादांनी सांगितलं तरी पट्टी आधी आणि पुसणं नंतर, हा क्रम माझ्याकडून उलटा झाला. वाळवून गोंद लावून शिकंज्याऐवजी पाटा-वरवंट्यातला पाटा वर ठेवलाय.

बिजागऱ्या चार आणल्या. दुकानदार दांडीचा बाक विचारायला लागला तेव्हा पिशवीतून जुनी गंजकी काढून पुढे ठेवली, एकदम अनुभवी असल्यासारखी. तीन मी बसवल्या, एक नवऱ्याने. चौथ्या बिजागरीचं शटर जरा तिरकं आहे, पण मी पाव फेरीबद्दल त्याला अजून सांगितलेलं नाही.

जमिनीलगतच्या पट्टीमागून निघालेल्या ऐवजाची यादी देत नाही, लोक जेवत असतील. जेल लावलं, रात्री सभेला हजेरी कमी आहे.

चिमणी फोडणीच्या आधी लावायची आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची, असा नियम केलाय. आजवर धूर झाला की लावायचो. शेगडीवरच्या दोन शटर्सच्या कडा रोज रात्री ओटा पुसतानाच त्याच फडक्याने पुसते.

ॲसिडची बाटली सोसायटीच्या सफाईवाल्या काकांना दिली, पण बजावून, की झाकण बदला आणि पाइपांच्या खोलीत ठेवू नका. कांदे-बटाटे गॅलरीत टोपलीत.

लॉफ्ट उघडलेला नाही. सासूबाईंनी विचारलं तर मी म्हणणार आहे की शिडी मिळाली नाही.


कडीपत्ता | शुक्रवार, रात्री ११:०३

शिडी आमच्याकडे आहे, पाठवू का? दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.